तारणारा हात

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



'नित्याच्या जीवनातील ईश्वरकृपा' असा आजचा विषय मला देण्यात आला आहे. मी कोणी संत नव्हे, शास्त्रीही नव्हे. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेला एक साधा गृहस्थ आहे. म्हणून शास्त्राधारांच्या खोलात न जाता, जे पाहिले आणि भोगले तेच आपल्यापुढे ठेवतो.

गजेंद्रमोक्षाची कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. भागवताच्या आठव्या स्कंधातील ही कथा. नक्राने पाय धरला, बळ सरले, सोबतचे हत्ती हतबल झाले, तेव्हा गजेंद्राने सोंडेत कमळ धरून आर्त हाक मारली आणि भगवंत गरुडावरून धावून आले. ही कथा मनावर इतकी ठसलेली असते की, देव यायचा तो गरुडावरूनच आणि हाती सुदर्शन घेऊनच, अशी आपली समजूत होऊन बसते. तसा तो आपल्या दारी कधी येत नाही. मग आपण म्हणतो, 'देव पूर्वी धावून येत असे, आता येत नाही.' मला नम्रपणे असे सुचवायचे आहे की, त्याचे येणे थांबलेले नाही. आपले ओळखणे थांबले आहे.

26 जुलै 2005 चा दिवस आठवा. त्या दिवशी सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला मात्र जेमतेम 73 मिलिमीटर. माझे कार्यालय फोर्टात होते. तिकडे पावसाची रोजचीच रिपरिप असल्याने उपनगरांत काय मांडून ठेवले आहे, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. दादरला गाडी थांबली ती थांबलीच. घाटकोपरला घरी जाण्यासाठी मी इतरांबरोबर चालू लागलो. शीवच्या पुढे पाणी गुडघ्यांवर आले, कुर्ल्याला कमरेवर. दिवे गेलेले. अनोळखी माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करून चालत होती.

एका वळणावर काळोखातून आवाज आला, "काका, डावीकडं येऊ नका, झाकण उघडं आहे!" वीस-बावीस वर्षांचा एक तरुण पाण्यात उभा होता. हातात झाडाची मोडलेली फांदी. थंडीने दात वाजत होते. मी विचारले, "कधीपासून उभा आहेस?" म्हणाला, "दुपारपासनं." मी म्हटले, "अरे, घरी जा आता." त्यावर त्याने साधेपणाने विचारले, "मग हितं कोण उभं राहील?"

पहाटे मी घरी पोहोचलो. माझी पत्नी रात्रभर देवापुढे बसून होती. मला पाहताच तिने समईला नमस्कार केला आणि म्हणाली, "देव पावला." मला त्या मुलाचा चेहरा आठवला. त्याचे नाव, गाव, जात यांतले काहीही मी विचारले नव्हते. पण घरातली प्रार्थना आणि रस्त्यावरचा तो हात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढे त्या क्षणी उमगले.

बंधूंनो, हे भाषण येथेच संपवता आले असते, तर फार सोपे झाले असते. परंतु आमच्या इमारतीतील एक तरुण त्या रात्री घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली. त्याची आईही रात्रभर देवापुढेच बसलेली होती. तिच्या प्रार्थनेचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. मी वाचलो तो माझ्या पुण्याईने, असे म्हणणे हा अहंकार ठरेल, आणि त्या घराच्या दुःखावर मीठ चोळणेही. प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे. नवसाचे नारळ एका पारड्यात आणि मुलाचे प्राण दुसऱ्या पारड्यात, असा हिशेब परमेश्वराच्या दरबारी चालत नाही.

त्या माउलीने वर्षभर देवापुढे दिवा लावला नाही. आम्हीही उपदेश केला नाही. मग एके दिवशी त्या माझ्या पत्नीबरोबर परळला गेल्या. तेथे टाटा स्मारक रुग्णालयात दूरदूरच्या प्रांतांतून कर्करोगाचे रुग्ण येतात, आणि कित्येकांचे नातलग पदपथावरच दिवस काढतात. पोळीभाजीचे चार डबे त्यांनी नेले होते. भाषाही न समजणाऱ्या एका बाईने डबा घेतला, त्यांचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि आकाशाकडे बोट दाखवले. परतताना त्या पत्नीला म्हणाल्या, "तिला वाटलं, मला देवानं पाठवलं. मी नाही कसं म्हणू?" त्या दिवशी त्यांच्या घरात पुन्हा सांजवात लागली. प्रश्न सुटला नाही, असे त्या आजही म्हणतात. परंतु डबे मात्र तेव्हापासून थांबलेले नाहीत.

ही वाट आपल्या भूमीला नवीन नाही. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, अशी कथा आहे. त्या मुक्या जिवाला प्रार्थनेचे शब्द येत नव्हते. नाथांना मात्र त्याची हाक ऐकू आली. गाडगेबाबांनी दिवसा हाती खराटा घेतला, रात्री कीर्तन केले आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. 1956 साली बाबा गेले. पण त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही परगावच्या रुग्णांना आसरा देते. आणि ज्ञानोबांनी 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस मागितलेले पसायदान पाहा. त्यात स्वतःसाठी काहीही मागितलेले नाही. मागितले आहे ते सर्वांसाठी. प्रार्थना कशी असावी, याचा याहून थोर वस्तुपाठ कोणता?

तेव्हा एक छोटासा नेम सुचवून थांबतो. सायंकाळी दिवा लावल्यावर घरातील सर्वांनी क्षणभर शांत बसावे. आज कोणाच्या हाताने आपण सुखरूप राहिलो, हे आठवावे. फाटक बंद करणारा रेल्वेचा कर्मचारी असेल, रात्रपाळीची परिचारिका असेल, किंवा ज्याच्या रक्ताच्या पिशवीवर आपले माणूस वाचले, तो कधीही न भेटलेला रक्तदाता असेल. त्यांचे स्मरण करून हात जोडावेत. मग स्वतःलाच विचारावे, 'आज मी कोणासाठी उभा राहिलो?' मुलांनाही हे विचारायची सवय लावावी. उत्तर रोज मिळेलच असे नाही. मलाही मिळत नाही. ज्या दिवशी मिळत नाही, त्या दिवशी कुर्ल्याच्या पाण्यातला तो आवाज मला ऐकू येतो.

त्या मुलाची आणि माझी पुन्हा कधी भेट झाली नाही. त्याचे ऋण त्याला फेडता येणार नाही. ते कोणत्या तरी अनोळखी माणसालाच द्यावे लागणार, आणि अशीच या ऋणाची परतफेड होत असावी.