थोडे वॉट, खोल खर्ज



व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बाळगणारे रसिक आपल्याकडे अजूनही आहेत. कोणी वडिलांच्या वेळचा जुना दुरुस्त करून घेतो, कोणी एखाद्या कसबी कारागिराकडून नवा बांधवून घेतो. या मंडळींची तक्रार बहुधा एकच असते : "आवाज गोड आहे, पण खर्ज नाही." दोष अर्थातच बिचाऱ्या व्हॉल्व्हच्या माथी येतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक वेळा तो दोष त्याला जोडलेल्या लाउडस्पीकरचा, किंबहुना लाउडस्पीकरच्या निवडीचा असतो.

आधी शक्तीचा विचार करू. ३००बी जातीचा एकच व्हॉल्व्ह सुमारे आठ वॉट देतो, २ए३ साडेतीन, आणि जुन्या रेडिओंतून आपल्या परिचयाचा झालेला ईएल ८४ पाचेक वॉट. आज दुकानात शंभर वॉटांखाली बोलणे हा कमीपणा समजला जातो. तेव्हा हे आकडे कोणालाही क्षुल्लक वाटावेत. परंतु १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला आणि आपला पडदा बोलू लागला, त्या जमान्यातील चित्रपटगृहांचे अँप्लिफायर आजच्या मानाने अगदी अशक्तच होते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा १९३६ मधील ९१-ए हा अँप्लिफायर लहान चित्रपटगृहांसाठी होता. त्याची शक्ती आठ वॉटांच्या आसपास. एवढ्यावर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला संवाद ऐकू जात, ते कर्ण्यामुळे. माणसाच्या उंचीहून मोठे कर्णे पडद्यामागे उभे असत आणि मिळालेल्या विजेचा मोठा हिस्सा ते ध्वनीत उतरवीत.

घरातील साधा लाउडस्पीकर या बाबतीत किती उधळ्या असतो, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा दिलेला असतो : एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबेल आवाज होतो. हा आकडा ९२ असेल, तर शंभरातील एक भाग वीज ध्वनी होते आणि उरलेले नव्व्याण्णव भाग तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जातात. आकडा ८७ असेल, तर ध्वनीच्या वाट्याला एक भागाचाही तिसरा हिस्साच येतो. डेसिबेलच्या हिशेबात दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. म्हणून ९७ आकड्याच्या लाउडस्पीकरला आठ वॉट पुरतात, तेथे ८७ च्या लाउडस्पीकरला ऐंशी वॉट लागतात. अँप्लिफायर लहान असेल तर माहितीपत्रकातील हा आकडा सर्वांत आधी पाहावा, आणि तो ९५ च्या खाली असेल तर पुढे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

खरी अडचण यानंतरच सुरू होते. कारण नुसता मोठा आवाज देणारे लाउडस्पीकर पुष्कळ मिळतात. लग्नमंडपात वापरतात ते पंधरा इंची पाहा. त्यांचा आकडा सहज ९८ असतो. पण खाली उतरताना सेकंदाला साठ-सत्तर कंपनांपाशी त्यांचा दम संपतो. खोल खर्ज, थोड्या वॉटांत भरपूर आवाज आणि लहान खोके, या तीन पाहुण्यांपैकी दोघांनाच एका वेळी घरात जागा मिळते. अमेरिकेतील अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो, आणि त्याला पोलादी नियम म्हणतात ते उगीच नव्हे. आवाजाची क्षमता तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यावयाचा, म्हणजे ८० कंपनांवरून ४० वर आणावयाचा, तर खोके दुप्पट करून भागत नाही, ते आठपट करावे लागते.

प्रत्यक्षात हे किती होते? मी राहतो त्या अंबत्तूरला, चेन्नईच्या पश्चिम अंगाला, १९६० च्या दशकात वसलेली मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांच्या दारांत तेलाची दोनशे लिटरची पिंपे उभी असतात. एक वॉटाला ९६ डेसिबेल देणारा आणि ४० कंपनांपर्यंत उतरणारा लाउडस्पीकर बांधू पाहाल, तर त्याच्या खोक्यात साधारण एका पिंपाएवढी हवा कोंडावी लागते. स्टीरिओ हवा असेल तर पिंपे दोन. घरच्या मंडळींची संमती आधी घ्यावी, हे सांगावयास नकोच.

१९५४ साली अमेरिकेतच एडगर व्हिल्चर यांनी या सौद्याची दुसरी बाजू निवडली. त्यांनी लहान, बंद खोक्यातून खोल खर्ज काढून दाखविला. किंमत म्हणून क्षमता सोडून दिली. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि तो सौदा जगाला परवडला. दुकानांतून आज दिसणारे बहुतेक सुबक लाउडस्पीकर याच सौद्याची लेकरे आहेत. त्यांत काही वाईट नाही; फक्त ती आठ वॉटांवर पोसण्याजोगी नव्हेत.

तेव्हा प्रश्न असा की आपल्याला खर्ज किती खोल हवा? पाश्चात्त्य चर्चमधील मोठ्या ऑर्गनची सर्वांत लांब नळी सेकंदाला सोळा कंपनांपर्यंत उतरते. आपल्या मैफलीत इतक्या खाली कोणी जात नाही. गवयाने काळी एक धरली तर त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ कंपनांच्या सुमारास असते, आणि त्या तारेचा भारदस्तपणा तरी पुष्कळसा वरच्या स्वरांशांतून कानाला जाणवतो. डग्गा, पखवाजाचे कणीक लावलेले तोंड, इकडच्या मृदंगाचे रवा लावलेले तोंड, ही सारी याच परिसरातली. म्हणून ज्याला मुख्यतः आपले संगीत ऐकावयाचे आहे त्याने चाळिसाचा हट्ट सोडून पन्नासावर समाधान मानावे. या दहा कंपनांच्या सवलतीने, क्षमता तीच राहून, खोके जवळजवळ निम्म्यावर येते : ९५ डेसिबेल आणि ५० कंपने एवढी अपेक्षा ठेवली तर साधारण ऐंशी लिटरांत काम होते. पिंपाऐवजी एक मध्यम कपाट!

लाउडस्पीकर चांगला निवडूनही खर्ज हरवतो, त्याची दोन कारणे अँप्लिफायरच्या अंगात असतात. पहिले म्हणजे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. त्याचा लोखंडी गाभा लहान असला तर खालच्या स्वरांना तो भरून जातो. पन्नास कंपनांवर जेमतेम आठ वॉट पेलणारा ट्रान्स्फॉर्मर पंचविसावर दोनच वॉट पेलतो. ट्रान्स्फॉर्मर वजनाने पारखावा असे जुने कारागीर म्हणतात, त्यात पुष्कळ तथ्य आहे. दुसरे कारण ओहमचे. पुनर्भरण नसलेल्या अशा अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असतो. त्यामुळे लाउडस्पीकरच्या रोधातील प्रत्येक चढउतार आवाजात उमटतो. एखादा खर्जाचा स्वर सुजतो, बाकीचे रोडावतात. म्हणून आठ ओहमचा, आणि कोठेही सहाच्या खाली न घसरणारा लाउडस्पीकर घ्यावा. खोके बांधून घेणार असाल तर सुताराला माप देण्यापूर्वी गणितात हा अंतर्गत रोधही धरावयास सांगावे, नाहीतर कागदावरचा खर्ज कागदावरच राहतो.

खोलीची मदत फुकट मिळते, ती घ्यावी. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात आपला कर्णा खोलीच्या कोपऱ्यासाठीच रचला. दोन भिंती त्याच्या कर्ण्याचेच पुढचे अंग होतात. साधा लाउडस्पीकरही कोपऱ्याकडे सरकवला की खर्ज वाढतो. आपल्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे छत खर्ज बाहेर जाऊ देत नाहीत, अमेरिकेतील लाकडी घरांपेक्षा आपण या बाबतीत सुदैवी आहोत. पण अति झाले की तेच सुदैव घुमू लागते. चार मीटर लांबीची खोली ४३ कंपनांच्या आसपास स्वतःच गाऊ लागते. तेव्हा लाउडस्पीकर एकेक वीत पुढेमागे करून पाहावा.

तिसरा मार्ग तडजोडीचा आहे. केरळातील कोचीच्या 'रेथम' या निर्मात्यांनी तो पत्करला : मधले व वरचे स्वर क्षमतावान लाउडस्पीकरकडे, व्हॉल्व्हच्या थोड्या वॉटांवर, आणि खर्जासाठी त्याच खोक्यात स्वतंत्र अँप्लिफायर. कर्मठ रसिक नाक मुरडतात. ज्याच्या घरात कपाटालाही जागा नाही त्याने मात्र खुशाल हा मार्ग धरावा.

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, खरेदीस जाताना आपला अँप्लिफायर बरोबर न्यावा. दुकानदाराच्या शंभर वॉटांवर कोणताही लाउडस्पीकर बलदंड वाटतो. ओळखीची, तंबोरा स्पष्ट असलेली ध्वनिमुद्रिका लावावी आणि घरी ऐकतो तेवढ्याच आवाजात ऐकावी. डग्ग्याची मींड अखंड खाली उतरते की एका ठिकाणी येऊन नुसती धमकते, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. मग शंकूची कड बोटाने चाचपावी. ती फोमची असेल तर आमच्या समुद्रकाठच्या दमट हवेत काही वर्षांत तिचा भुगा होतो. कापडाची असेल तर ती टिकते.