गिझरच्या आधी पाणी तपासा

(डहाणू येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

गिझर बिघडणे हा काय व्याख्यानाचा विषय, म्हणून मागच्या रांगांतून उमटलेले हसू इथपर्यंत पोचले. तरी आज हाच विषय धरून बसणार आहे, कारण माझे ठाम मत आहे की आपल्याकडे ‘गिझर गेला’ असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा गिझरचा दोष नसतो. दोष पाण्यात असतो, विजेच्या दाबात असतो, नाहीतर नळाच्या जोडणीत असतो. आणि बदलली जाते ती कॉइल. दोन हिवाळ्यांत ती पुन्हा जळते, मग कंपनीला शिव्या, वायरमनला शिव्या. तपासाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते, एवढेच मला सांगायचे आहे.

घोलवड-बोर्डीपासून चिंचणीपर्यंतच्या वाड्या आणि विहिरी तुम्हांला मी सांगायला नकोत. समुद्राजवळ उपसा वाढला की गोडे पाणी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते. तलासरीकडे काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट. तिथल्या बोअरच्या पाण्यात खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे क्षार मात्र उलटे वागतात. पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडते आणि सगळ्यात तप्त जागी, म्हणजे कॉइलवर, बसते. जळालेली कॉइल फेकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. धातू दिसतच नाही. वर खरखरीत पांढरट कवच असते, नखाने निघत नाही, लिंबू पिळले की फसफसते. या कवचामुळे उष्णता आत कोंडते, आतली तार जास्त तापते आणि तुटते. त्याच पाण्यात नवी कॉइल घातली तर तिचेही तेच होणार. थर्मोस्टॅट ७५ अंशांवरून ६० अंशांच्या आसपास आणला, वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढले, आणि त्याच वेळी मॅग्नेशियमची दांडी पाहिली, तर कॉइलही टिकते आणि टाकीही. ही दांडी टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजण्यासाठीच बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, आणि ती संपल्यावर गंजण्याची पाळी टाकीवर येते.

पण ‘पाणी तापायला वेळ लागतो’ ही तक्रार क्षारांवर ढकलता येत नाही. इथे जाणकारांचीही गफलत होते. कॉइल शाबूत आहे तोवर तिची उष्णता, कवचातून का होईना, पाण्यातच जाते. वेळ वाढला तर आधी व्होल्टेज मोजावे. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटची कॉइल साधारण २० मिनिटे घेते, तेही २३० व्होल्ट मिळाले तर. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या पाड्यावर सकाळी १८० व्होल्ट येत असतील, तर तीच कॉइल सव्वाबाराशे वॅटच देते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २० मिनिटांची ३२ होतात. गिझर निर्दोष आहे, तरी दुकानात जातो तोच!

तिसरी तक्रार, पाणी कोमट येते. यासाठी कोणाला बोलावण्याआधी एक गोष्ट करून पाहा. गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा आणि बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडा. पाइपातले उरलेसुरले पाणी जाऊन धार थांबली पाहिजे. थांबली नाही, तर घरातल्या एखाद्या मिक्सर नळातून थंड पाणी गरम नळीत शिरते आहे. धार थांबली, तर इनलेट-आउटलेट उलटे जोडले नाहीत ना ते पाहा. थंड पाणी तळाला शिरायचे आणि गरम वरून निघायचे, ही रचना उलटली की दोन्ही मिसळतात आणि पहिल्या अर्ध्या बादलीनंतर कोमटच येते. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो, त्यातही बहुधा गिझरचा दोष नसतो. १५ लिटर पाणी तापले की पेलाभर फुगते, ते कुठेतरी जायला हवे. तापताना चार थेंब पडणे हे व्हॉल्व्हचे कामच आहे. ते बूच मारून बंद करणे जिवावर बेतू शकते. सतत धार लागली तरच व्हॉल्व्ह बदलावा.

यावर आक्षेप येणार. पहिला असा, की ही वायरमनची कामे आहेत, घरच्यांनी का डोके घालावे? मान्य, झाकण उघडणे त्याचेच काम; मेन बंद केल्याशिवाय कोणी हातही लावू नये. पण तक्रार कोणती ते नीट सांगणे घरच्यांच्याच हातात असते. ‘चालत नाही’ एवढेच सांगितले तर तो कॉइलच बदलणार, त्याला दोष कसा द्यावा? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: तलासरीच्या पाड्यांवर चुलीवर हंडा चढतो, तिथे गिझर कुठला? खरे आहे, पण आता अनेक घरांत बादलीत सोडायची हीटरची रॉड आली आहे आणि सगळ्यात मोठा धोका तिचाच. खारे पाणी वीज जास्त सहज वाहून नेते. अर्थिंग नसलेल्या खोपटात ती रॉड चालू ठेवून पाण्यात बोट घालून पाहणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. तिथे गिझर नाही म्हणून हा विषय तिथला नाही, हे मला पटत नाही. अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा ब्रेकर हा या विषयाचाच भाग आहे, आणि तो आधी पाड्यावर पोचायला हवा.

आता थोडा बाजूला जातो, कारण या भागात भूकंपाला वगळून गरम पाण्याविषयी बोलता येत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपास किती धक्के बसले ते तुम्ही सोसले आहे. १ फेब्रुवारी २०१९ चा तर ४ रिश्टरच्या वर होता. भिंतींना तडे गेले ते सगळ्यांनी पाहिले, भिंतीवर टांगलेल्या गिझरकडे फारसे कोणी पाहिले नाही. भरलेला १५ लिटरचा गिझर वीस-पंचवीस किलोंचा होतो, आणि तो डोक्यावर असतो. बोल्ट विटेत आहेत की नुसत्या गिलाव्यात, हे तपासायला हवे. गच्चीवरच्या सोलरमध्ये १०० लिटरची टाकी असेल, तर नुसते पाणीच १०० किलो. धक्क्याने स्टँड कलतो, जोड सुटतात. आणि इथे माझा मूळ मुद्दाच येतो. सोलरला पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढते, त्यासाठी नळीला सलग चढ लागतो. नळी मध्येच वाकली की उंचवट्यात हवा अडकते आणि फिरणे थांबते. मग कडक उन्हातही पाणी थंड, आणि दोष पॅनेलला! धक्क्यानंतर नळीचा चढ पाहा, जोडांवर कोरडा कागद फिरवून ओल शोधा. भिंतीपासून गिझरपर्यंत लवचिक जोडनळी असावी. कडक पाइप आधी तुटतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दोनच मिनिटे उरली आहेत. सोलरचे बरेच राहिले, प्रश्नोत्तरांत घेऊ. गॅस गिझरचा विषय मात्र टाळता येणार नाही. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आत असलेल्याला कळण्याआधीच शुद्ध हरपते. ज्योत निळी सोडून पिवळी दिसली तर गिझर लगेच बंद करून दुरुस्त करून घ्या. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आजच बाहेर हलवणे शक्य नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला जा. आज घरी गेल्यावर एवढे बघाच.