आईचा विसावा

(ईडन प्रेरी, मिनेसोटा येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाची संहिता)



लहान मुलांच्या आईला ग्रासणारी चिंता आणि तिच्या मनावरील ताण हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा घरगुती प्रश्न जाहीर सभेत कशाला, असे काहींना वाटेल. परंतु वैद्यकीय व्यवसायातील आमचा अनुभव असा आहे की, हा प्रश्न घरात बोललाच जात नाही. जे घरात बोलले जात नाही ते कोठेतरी बोलले गेलेच पाहिजे, आणि त्यासाठी आपल्या माणसांच्या सभेहून योग्य जागा आम्हाला दिसत नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ही व्यथा केवळ आपल्या समाजाची किंवा केवळ परदेशी आलेल्यांची नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांवरील ताणासंबंधी एक जाहीर सूचनापत्र काढले. त्यातील आकड्यांनुसार, बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य होतो असे सांगणारे पालक ४८ टक्के होते. इतर प्रौढांत हेच प्रमाण २६ टक्के होते. ज्यांचे आईवडील याच देशात आहेत आणि ज्यांना येथील भाषा व रीतिरिवाज जन्मापासून ठाऊक आहेत, त्यांचीही ही अवस्था आहे. मग नागपूर, औरंगाबाद किंवा मुंबईहून येऊन येथे संसार मांडलेल्या आपल्या भगिनींची अवस्था काय असेल, याचा विचार आपण करावयास हवा.

ओझे एकटीवर कसे आले?

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाई. सव्वा महिना तिला कामाला हात लावू देत नसत. अंगाला तेल, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू असा सारा सरंजाम असे. या रिवाजात सारेच चांगले होते असे नाही. कोंदट खोलीतील शेगडीचा धूर आई व बाळ दोघांनाही अपायकारकच. शिवाय हातावर पोट असणाऱ्या आपल्या आज्यांपैकी अनेकींना पुरता सव्वा महिनाही लाभला नाही; बाळाला झोळीत घालून त्या लवकरच कामावर गेल्या. तरीही वस्तीत शेजारीण होती, चुलती होती, मोठी नणंद होती. रडणारे मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जाई आणि आईला घटकाभर डोळा मिटता येई.

ईडन प्रेरीत घर मोठे आहे, परंतु हात दोनच आहेत. आई किंवा सासूबाई प्रवासी व्हिसावर येतात आणि काही महिन्यांत परततात. पतिराज सकाळी कामावर जातात. डिसेंबरात येथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. पुरते नऊ तासही उजेड नाही. दोन लहान मुलांना बाहेर न्यावयाचे तर कोट, बूट, टोप्या, हातमोजे चढविण्यातच जीव मेटाकुटीस येतो. गाडी चालविण्याचा परवाना नसेल तर तेही बंद. अशा दिवसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाही प्रौढ माणसाशी चार वाक्ये न बोललेल्या भगिनी आम्हाला ठाऊक आहेत.

त्यांतील कित्येक जणी उच्चशिक्षित आहेत. एच-४ व्हिसावर आलेल्या पत्नीला पूर्वी नोकरीच करता येत नसे. मे २०१५ मध्ये, पतीच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला असल्यास, कामाचा परवाना मागण्याची सोय झाली. ज्यांचे प्रकरण त्या टप्प्यावर नाही त्यांची पदवी मात्र पेटीतच राहते. आपल्या कुटुंबात ती पदवी पहिलीच असते, आणि म्हणून तिचे पेटीत पडून राहणे अधिक बोचते.

आणखी एक कारण आहे, जे आपणच समजू शकतो. येथे भारतीय शेजार पुष्कळ आहे. तरीही आपली एखादी भगिनी मुलांना घेऊन त्या बायकांत मिसळावयास कचरते. कारण नावानंतर आडनाव विचारले जाईल, मग गाव, मग घरातील सण. ज्या सोबतीने इतरांचा ताण हलका होतो, तीच तिला जड वाटते. ही तिच्या स्वभावातील भित्रेपणाची खूण नव्हे. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

मौन कशामुळे?

मग ती बोलत का नाही? आम्ही विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : ‘आमच्या आईने तर याहून किती सोसले! आम्हाला येथे काय कमी आहे?’ आई दुसऱ्याच्या शेतात राबली, आजीने दूरवरून पाणी आणले. घरात हीटर आणि दारात मोटार असताना आपण कुरकुर कशी करावी, असे तिला वाटते. समाजाच्या उन्नतीचे उदाहरण म्हणून जिच्याकडे बोट दाखविले जाते, तिला थकण्याचीही चोरी होते.

या संदर्भात माता रमाईचे नाव नेहमी घेतले जाते. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली; धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. बाबासाहेब परदेशी शिकत असताना मुंबईत त्यांनी अपार दारिद्र्यात संसार चालविला आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. हा त्याग आपल्याला वंदनीय आहे. परंतु रमाईंनी सोसले म्हणून आमच्या लेकीसुनांनीही मुकाट्याने सोसावे, असा त्याचा अर्थ लावणे आम्हाला अन्यायाचे वाटते. असे सोसणे पुढच्या कोणाच्याही वाट्याला येऊ नये, यासाठीच तर पुढचा सारा लढा होता.

याला पुरावाही आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार एकट्या स्त्रीवर न टाकता सरकारने व मालकानेही उचलावा, असे प्रतिपादन त्यांनी केले. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने ही भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. अमेरिकेतील १९९३ च्या कायद्याने मात्र १२ आठवड्यांची बिनपगारी रजाच दिली, तीही मोठ्या आस्थापनांत. आपल्या मिनेसोटा राज्याने २०२३ साली वेतनाचा काही भाग देणाऱ्या रजेचा कायदा केला आणि त्याचे लाभ १ जानेवारी २०२६ पासून लागू केले. आईचा विसावा ही तिच्यावरची मेहेरबानी नाही, तो तिचा हक्क आहे, हा विचार आपल्या घरी १९२८ पासून आहे.

वैद्यकीय बाजू

आता वैद्य या नात्याने काही सांगतो. चिंता ही मुळात शरीराची संरक्षक व्यवस्था आहे. धोका दिसताच हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. धोका टळल्यावर हे शमले पाहिजे. विश्रांतीच न मिळाल्यास ते शमत नाही. मूल झोपले तरी आई जागीच; छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोके जड, क्षुल्लक कारणावरून संताप, आणि नंतर त्याच संतापाबद्दल रडू.

प्रसूतीनंतर पहिले दोन आठवडे मन हळवे होणे सामान्य आहे. त्यापुढेही उदासी किंवा चिंता टिकली, भूक-झोप गेली, तर डॉक्टरकडे जावे. आपल्या भगिनी मनाचे दुखणे न सांगता डोकेदुखी व अशक्तपणा सांगतात. त्याही तक्रारी खऱ्याच मानाव्यात. पंडुरोग, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि प्रसूतीनंतर बिघडणारी थायरॉईड ग्रंथी यांची लक्षणे चिंतेसारखीच असतात. रक्ततपासणीत ती सापडतात.

बाळाच्या तपासणीच्या वेळी आईला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेली ही एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. आमची विनंती आहे की, तिची उत्तरे खरी द्यावीत. ‘सारे ठीक आहे’ असे लिहून कोणाचेच भले होत नाही. खरे उत्तर दिल्याने मूल काढून घेतील, ही भीती अनेकींना असते. ही प्रश्नावली मदतीची गरज कोणाला आहे हे ओळखण्यासाठीच आहे.

बाळ हातून पडेल, त्याला काही इजा होईल, असे भयंकर विचार अचानक मनात येणे नव्या आयांमध्ये पुष्कळ आढळते. त्या विचारांनी ती स्वतःच हादरते, म्हणजे तिचा तसा हेतू नसतो. मात्र तिला भास होऊ लागले, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, विचार असंबद्ध झाले किंवा जीव देण्याची भाषा आली, तर ती तातडीची बाब समजून ९११ किंवा ९८८ वर फोन करावा. मातांसाठी १-८३३-८५२-६२६२ ही मोफत सेवा २०२२ पासून अहोरात्र सुरू आहे. तेथे दुभाष्याचीही सोय आहे.

उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. समुपदेशनाने, विशेषतः विचार व वर्तन बदलण्यास शिकविणाऱ्या पद्धतीने, पुष्कळांना उतार पडतो. औषध लागल्यास सर्ट्रालीनसारखे औषध दुधातून फारच अल्प प्रमाणात उतरते व स्तनपान चालू ठेवता येते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे व आपल्या मनाने बंद करू नये. हिवाळ्यातील उदासीसाठी सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसण्याचा उपाय येथे सर्वमान्य आहे. डोळ्यांचा विकार असल्यास मात्र आधी विचारावे. आनापान, म्हणजे श्वासाकडे शांतपणे पाहणे, धडधड उतरविण्यास साह्य करते. परंतु चार तासही सलग न झोपलेल्या आईला केवळ ध्यान करण्याचा उपदेश देणे म्हणजे उपाशी माणसाला पाकशास्त्र शिकविणे होय.

घराने आणि समाजाने काय करावे?

म्हणून पहिले औषध झोप आहे, आणि ते पतीच्या हाती आहे. रात्रीतील एक पाळी त्यांनी घ्यावी, म्हणजे आईला चार-पाच तास सलग झोप मिळेल. ‘मी मदत करतो’ हा शब्दही आम्हाला खटकतो. स्वतःच्या मुलाचे करणे याला मदत म्हणत नाहीत. संताप अनावर झाला तर बाळाला सुरक्षित पाळण्यात ठेवून आईने पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. रडण्याने बाळाला अपाय होत नाही. जोरात हलविण्याने होतो.

दुसरे औषध सोबत आहे. मिनेसोटात १९७४ पासून शाळांमार्फत बालक-पालक वर्ग चालतात. त्यात आई-बाप मुलांसोबत खेळतात आणि नंतर प्रशिक्षित शिक्षिकेसह पालकांची वेगळी चर्चा होते. ईडन प्रेरीच्या शाळांतही हे वर्ग आहेत. शुल्क उत्पन्नाप्रमाणे असते व ऐपत नसल्यास माफ होते. तेथे आडनावावरून कोणी काही ओळखत नाही. आपल्या भगिनींनी तेथे निःसंकोच जावे.

आणि आपण? आपल्या संस्था जयंती व धम्मचक्र प्रवर्तन दिन उत्साहाने साजरे करतात. त्याच उत्साहाने एवढे करावे : ज्या घरी बाळंतपण झाले तेथे सव्वा महिना आळीपाळीने डबा पोहोचवावा. वडीलधाऱ्या एखाद्या ताईंनी आठवड्यातून एकदा दोन तास मूल सांभाळावे. गाडी येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना शिकवावी. आणि कार्यक्रमाला आई मुलांमागे सभागृहाबाहेर धावत असताना आपण आत समतेवर भाषणे ऐकत बसू नये. मुले सांभाळण्याची पाळी पुरुषांनीही घ्यावी. आजही ती बाहेरच आहे, हे आम्हाला येथून दिसते आहे.

बाहेर असलेल्या त्या भगिनींना आत बोलवावे आणि त्यांच्या जागी दोन बंधूंनी आता उठून जावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!