नवशिक्याचा संगणक आणि आपली कुटुंबसूची

(सातारा येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संगणकाच्या अडचणींविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी त्या शास्त्राचा पंडित नव्हे. १९७६ साली एस.एस.सी. झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि २०१८ साली सेवानिवृत्त होईपर्यंत या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना मुळाक्षरे व पाढे शिकविले. परंतु मागाहून मनात आले की, पंडिताला नवशिक्याची अडचण आठवत नाही. मला ती अद्याप रोज येते. शिवाय आपल्या कुटुंबसूचीसंबंधाने एक गोष्ट मला या सभेपुढे सांगावयाची आहे. ती सांगण्याचे मी काही वर्षे टाळीत आलो आहे. म्हणून उभा राहिलो.

आपल्यापैकी जे शासकीय सेवेत अगर शिक्षकी पेशात होते त्यांना स्मरत असेल की, संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र ३१ डिसेंबर २००७ पूर्वी मिळविण्याचे बंधन आम्हांवर आले होते. न मिळविल्यास वेतनवाढीवर गदा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले होते आणि त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांच्या गावी शिकविला जाऊ लागला होता. २००६ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पुनश्च विद्यार्थी झालो. शिकविणारा तरुण माझ्याच शाळेत कधीकाळी पाटी घेऊन बसलेला. माझा हात माऊसवर ठरेना. बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात जाऊन दडे, आणि शेजारच्या बाकावरच्या मुली तोंडाला पदर—नव्हे, ओढणी—लावून हसत. मी हाक मारली की तो तरुण येई, माझ्या हातातून माऊस घेई, टकटक करी आणि म्हणे, "झालं, गुरुजी." काय झाले ते त्याला कळले, यंत्राला कळले, मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी अडचण तीच, हाक तीच.

मला त्याचा राग येई. पण एके रात्री ध्यानात आले की, मी तरी दुसरे काय करीत होतो? वजाबाकीत हातचा चुकलेल्या पोराच्या हातातून पेन्सिल घ्यावी, उत्तर लिहून द्यावे आणि "कळलं ना?" म्हणून पुढे सरकावे, असे मी किती वेळा केले असेल! पोरेही "कळलं" म्हणत. प्रमाणपत्र मिळाले, वेतनवाढ वाचली. आणि गावात 'गुरुजींना संगणक येतो' अशी माझी ख्याती झाली. ही ख्याती पुढे किती महागात पडली ते आता सांगतो.

आपल्या मंडळाची कुटुंबसूची कशी तयार झाली हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. आमचे कैलासवासी चिटणीस कोरेगाव, कराड, विटे, तासगाव, मिरज अशा गावोगावी एस.टी.ने हिंडून घरटी माहिती लिहून घेत. कुणाचे मूळ गाव कोणते, आजोबांचे नाव काय, सून कोणत्या घरची आली, लेक कोणत्या घरी दिली, मुले कितवीत आहेत. अशा सात वह्या झाल्या. शिष्यवृत्ती कुणास द्यावी, अडचणीतल्या कोणत्या घरास मदत पोहोचवावी, याचा निर्णय त्या वह्यांवरून होई. २००९-१० साली त्या संगणकावर उतरविल्या गेल्या. टंकलेखक जुन्या रेमिंग्टन यंत्रावर हात बसलेले सद्गृहस्थ होते. काम पुरे झाले आणि सर्वांना इतका आनंद झाला की वह्या जपण्याची आवश्यकता कुणासच वाटली नाही. दोन वह्या आज आहेत. पाचांचा पत्ता नाही.

तो संगणक सांगलीस, मारुती चौकानजीक एका सभासदांच्या तळमजल्यावर होता. नवी लग्ने, नवे जन्म, निधने यांची भर त्यांत पडत असे. मग आला २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट समजली जाते. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. (ते पाणी आमच्याच साताऱ्याकडून गेलेले. माहुलीस वेण्णा, कराडास कोयना मिळते, आणि सगळा भार सांगलीकर सोसतात.) माणसे वरच्या मजल्यावर गेली, त्यांचे प्राण वाचले, हे मोठे भाग्य. पेटी खालीच राहिली आणि काही दिवस गढूळ पाण्याखाली होती.

पाणी ओसरल्यावर त्या घरच्या मुलाने मला दूरध्वनी केला. "गुरुजी, आत गाळ भरलाय. काय करू?" मी काय सांगावयास हवे होते? 'मला ठाऊक नाही, जाणत्याला विचारून सांगतो,' एवढेच. परंतु ज्याला संगणक येतो असा लौकिक आहे त्याच्या तोंडून हे वाक्य सहजी निघत नाही. मी म्हणालो, "चांगली दोन दिवस उन्हात वाळव आणि लावून पाहा." त्याने माझ्या शब्दाप्रमाणे केले. कळ दाबताच आतून कर्रकर्र आवाज झाला, जळका वास आला, आणि सारे शांत झाले.

बंधुभगिनींनो, पुराने सूची बुडविली असे आजवर आपण मानीत आलो. ते पूर्ण सत्य नव्हे. संगणकाच्या पेटीत माहिती साठविणारी एक हार्ड डिस्क असते. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असून, त्यांच्यावरून वाचणारे टोक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून फिरते. अशा ठिकाणी गाळाचा कण म्हणजे नांगराच्या फाळाखालचा दगड. ओल्या डिस्कला वीज लावू नये, आणि उन्हात वाळवूही नये, कारण गाळ वाळून तबकडीस चिकटतो. ती तशीच ओलसर पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे न्यावयाची असते. हे मला नंतर कळले. पुण्यातील तज्ज्ञांनी ती उघडून पाहिली आणि तबकड्यांवर ओरखडे उठल्याचे सांगितले. वीज लावली नसती तर निश्चित वाचले असते असे कुणी म्हणू शकत नाही. परंतु संधी होती. ती माझ्या सल्ल्याने गेली. त्या मुलाला काहींनी बोल लावला, त्याने तो मुकाट्याने ऐकून घेतला, आणि मी गप्प बसलो. आज तो सभागृहात आहे. चूक त्याची नव्हे, माझी होती.

पुढील भाग काहीसा सुखाचा आहे. २०१० साली सूची छापावी म्हणून मुद्रकास देण्याकरिता एक सीडी तयार केली होती. पैसे जमेनात म्हणून छपाई राहिली. ती सीडी आमच्या माजी कोषाध्यक्षांच्या पत्नीने लग्नपत्रिकांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेविली होती. त्या काकूंना संगणक चालविता येत नाही. पण 'मंडळाची वस्तू आहे, टाकायची नाही' एवढे त्यांना निश्चित ठाऊक होते. मी अत्यानंदाने ती माझ्या संगणकात घातली. फाईल उघडली आणि पाहतो तो काय! नावे नाहीत, गावे नाहीत; इंग्रजी अक्षरांची अर्थहीन भेळ. मला वाटले, हीही नासली.

यावेळी मात्र मी शहाणपण केले. हात लावला नाही. साताऱ्यात माझा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवितो, त्याच्याकडे गेलो व म्हणालो, "बाबा रे, सीडी चालत नाही." तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच आम्हांला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला लावायचात. चालत नाही म्हणजे काय? आपण काय केलंत, पडद्यावर काय दिसलं, आणि काय दिसावं अशी अपेक्षा होती?" मी ओशाळलो. वैद्याकडे जाऊन नुसते 'बरे नाही' म्हणणाऱ्या रोग्यासारखीच माझी तक्रार होती. त्या दिवसापासून पडद्यावर जी सूचना उमटेल ती मी शब्दशः वहीत उतरवितो, अगर भ्रमणध्वनीने तिचे छायाचित्र घेतो. आणि 'काल चालत होते, मग मधल्या काळात काय बदलले?' हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारतो. निम्म्या अडचणी येथेच सुटतात. वायर सैल असते, किंवा कॅप्स लॉकची कळ दाबलेली राहून परवलीचा शब्द चुकत असतो.

सीडीचा उलगडा त्याने असा केला. जुन्या काळी मराठी अक्षरांना संगणकात सर्वमान्य अशी स्वतःची जागा प्रचारात नव्हती. म्हणून टंक करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविले. कृतिदेव नावाच्या टंकात 'राम' लिहिला की संगणकाच्या पोटात जे, के, ई अशी तीन इंग्रजी अक्षरेच साठतात. तो टंक असेल तर राम दिसतो, नसेल तर जे-के-ई. म्हणजे आपली माणसे नाहीशी झाली नव्हती, परक्या वेषात उभी होती. आता युनिकोड या जागतिक व्यवस्थेत देवनागरीस १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळालेला आहे; त्या रीतीने लिहिलेले मराठी कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसते. (१९९१ साली पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम हा महासंगणक उभा केला. त्याच पुण्यापासून तीन तासांवर आम्ही 'राम' वाचू शकत नव्हतो, याची मला गंमत वाटते.)

जुन्या टंकातून युनिकोडात रूपांतर करणारी साधने आहेत. त्या विद्यार्थ्याने मला खुर्चीत बसविले, माऊस माझ्या हाती दिला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "मी सांगतो, करायचं तुम्ही." एका पानास पाऊण तास लागला. त्याने स्वतः केले असते तर दोन मिनिटांत झाले असते. गिऱ्हाइके खोळंबली, पण त्याने एकदाही माऊसला हात लावला नाही. दुसरे पान मी घरी एकट्याने केले.

रूपांतरात रफार व पहिली वेलांटी यांचा मोठा घोळ होई. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, उच्चारतो मात्र क नंतर इ. जुना टंक हाताच्या क्रमाने साठवी, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठविते. चाळीस वर्षे मुळाक्षरे शिकवूनही हा भेद मला एका यंत्राने दाखविला! साधन चुकले की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाई, आणि भल्या घरच्या आडनावांची दशा होई. ती शोधावयास डोळस माणसेच लागली. आपल्या भगिनींपैकी सहा जणींनी ते काम केले. 'ही तर माझी मावससासू, हिचं माहेर कोरेगावचं, येथे चुकलंय' असे त्या सांगत आणि मी दुरुस्ती करी. संगणकाला साहाय्य लागते ते असेही असते.

एक सूचना दिल्यावाचून राहवत नाही. अडलेल्यास मदत देण्याचे सोंग करून लुबाडणारे आज फार माजले आहेत. बँकेचा किंवा दुरुस्तीचा दूरध्वनी क्रमांक आपण इंटरनेटवर शोधतो, तो भामट्याने घातलेला निघतो. पलीकडचा गोड आवाज म्हणतो, 'काका, एक अ‍ॅप घ्या, मी येथून दुरुस्त करून देतो.' त्या अ‍ॅपने आपला पडदा त्याला दिसतो, आणि ओटीपीही. क्रमांक पासबुकावरचा घ्यावा. ओटीपी कुणास सांगू नये. फसगत झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे अडविता येणे हे वेळेवर अवलंबून असते. शिकलेली मंडळी फसल्याचे सांगत नाहीत. का सांगत नाहीत, हे मी स्वतःच्या अनुभवावरून जाणतो.

आता मंडळापुढे माझी विनंती. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांतून शिकत आहेत. त्यांनी महिन्यातील एका रविवारी दोन तास, साताऱ्यास व सांगलीस, वडीलधाऱ्यांच्या अडचणींकरिता बसावे. सातबारा काढणे, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जे अडेल ते. अट एकच: माऊसला वा भ्रमणध्वनीला हात आलेल्या माणसाचाच लागेल. आणि जे येत नसेल ते 'येत नाही' म्हणून सांगावयाचे. त्या मुलांना चहा मी पाजीन.

कुटुंबसूची २०१० पर्यंतची परत मिळाली आहे. तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेविल्या आहेत. त्यांतली एक सांगलीस, पण दुसऱ्या मजल्यावर. एक कागदावर छापूनही ठेविली आहे. २०१० ते २०१९ या नऊ वर्षांची भर मात्र गेली ती गेली. त्या काळात घरात आलेल्या सुना, जन्मलेली मुले, निवर्तलेली माणसे यांपैकी कुणीही आज सूचीत नाही. मागील दाराशी मेजावर कोरे अर्ज ठेविले आहेत, आणि तेथे सांगलीचा तो मुलगा संगणक घेऊन बसला आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहून द्यावे. ज्यांना टंकून पाहावयाचे असेल त्यांनी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसावे. जेवणाची दुसरी पंगत बसेपर्यंत तो तेथेच आहे.