मेदाचे कोठार आणि त्याची दारे



मुळशी तालुका हा भातखाचरांचा, डोंगरवाटांचा आणि धुवांधार पावसाचा प्रदेश. गुडघाभर चिखलात वाकून केलेली लावणी आणि डोक्यावर भारा घेऊन चढलेली घाटी, हा येथील अनेक पिढ्यांचा नित्याचा व्यायाम होता. आज याच तालुक्यातील हिंजवडी व माण परिसरात माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी आहे. शेतात राबणाऱ्यांच्या घरातील पुढची पिढी खुर्चीवर बसून वा वाहन चालवून उपजीविका करीत आहे. व्यवसाय एका पिढीत बदलला. शरीराची घडण मात्र एका पिढीत बदलत नाही. लठ्ठपणा व मधुमेह यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

हा प्रश्न लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढ लोकसंख्येपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह असून, ३९.५ टक्के लोकांच्या पोटाभोवती प्रमाणाबाहेर मेद साठलेला आहे.

मेद म्हणजे केवळ ओझे नव्हे

मेद म्हणजे शरीरावर चढलेले निरुपयोगी मांस, अशी एक समजूत आहे. वस्तुतः मेदपेशी हे शरीराचे धान्याचे कोठार होय. जेवणानंतर उरलेली ऊर्जा तेथे साठविली जाते आणि उपवासात वा श्रमाच्या वेळी ती बाहेर काढली जाते. साठविलेल्या मेदाच्या प्रत्येक रेणूत मेदाम्लांच्या तीन साखळ्या ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेल्या असतात. ऊर्जेची गरज भासताच हा रेणू फुटतो. मेदाम्ले स्नायूंकडे जातात, तर ग्लिसरॉल यकृताकडे जाते व तेथे त्यापासून साखर तयार होते. उपाशीपोटीही मेंदूला साखर मिळत राहते, त्यात या व्यवस्थेचा वाटा आहे.

साठा आणि दारे यांचा संबंध मुळशीकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह झाला, त्या धरणाचे पाणी आज घाटाखाली भिरा येथे वीजनिर्मितीसाठी जाते. जलाशयात पाणी किती, याइतकेच ते केव्हा आणि कोणत्या वाटेने सोडले जाते, हेही महत्त्वाचे असते. मेदपेशीचेही तसेच आहे.

पेशीच्या दारांचा शोध

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. त्यातून पाणी इतक्या वेगाने कसे ये-जा करते, हे कोडे शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडले होते. अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांना रक्तातील तांबड्या पेशींच्या पटलात एक अपरिचित प्रथिन आढळले. १९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बेडकाच्या अंड्यांत तयार करविले. साध्या पाण्यात ठेवताच ती अंडी फुगून फुटली. हे प्रथिन नसलेली अंडी मात्र जशीच्या तशी राहिली. पाण्याची वाट सापडली होती. या प्रथिनांना ॲक्वापोरिन असे नाव मिळाले. या संशोधनाबद्दल ॲग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मानवी शरीरात या कुळातील १३ प्रथिने आहेत. काही केवळ पाणी सोडतात; काहींमधून ग्लिसरॉलही जाते. मेदपेशीतील ग्लिसरॉलची मुख्य वाट म्हणजे ॲक्वापोरिन ७ आणि यकृतातील वाट म्हणजे ॲक्वापोरिन ९. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसून आले की, उपवासात मेदपेशीतील ही दारे वाढतात आणि खाल्ल्यानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने कमी होतात. इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की हे नियंत्रण ढिले पडते. गरज नसतानाही ग्लिसरॉल यकृताकडे जात राहते आणि रक्तातील साखरेत भर पडते.

दार बंद झाले तर

२००५ साली जपानमधील ओसाका व अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी ॲक्वापोरिन ७ नसलेल्या उंदरांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर पडू न शकलेले ग्लिसरॉल पेशीतच साचले, त्यापासून पुन्हा मेद तयार झाला आणि मेदपेशी फुगत गेल्या. ओसाका येथील उंदीर लठ्ठ झाले व त्यांचे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले.

तथापि, यावरून घाईने अनुमान काढणे योग्य नाही. अन्य प्रयोगशाळांतील तशाच उंदरांत लठ्ठपणा दिसला नाही. जपानमध्ये हे प्रथिन जन्मतःच निकामी असलेली एक व्यक्ती आढळली; व्यायामानंतर तिच्या रक्तातील ग्लिसरॉल वाढत नसे, पण ती लठ्ठ नव्हती. लठ्ठपणा एका प्रथिनाने येत नाही, हा यातील बोध होय. या दारांवर काम करणारे, लठ्ठपणासाठी मान्यता मिळालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. म्हणून ‘चरबी वितळविणाऱ्या’ जाहिरातींपासून ग्रामस्थांना सावध करणे हेही लोकप्रतिनिधींचे काम आहे.

पुण्याने जगाला दिलेला धडा

मेद किती यापेक्षा तो कोठे व कसा साठतो याला महत्त्व आहे, ही गोष्ट पुण्यातील संशोधनाने वेगळ्या मार्गाने जगापुढे आणली. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडील बालके लहानखुरी होती, स्नायूंनी कमी होती. मेद मात्र त्या मानाने टिकून होता. वरून कृश, आतून मेदयुक्त अशी ही घडण जन्मापासूनच दिसते.

२००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. वजनकाटा येथे फसतो.

गावपातळीवर काय करता येईल

म्हणूनच ‘आमच्या गावात लठ्ठ माणसे नाहीत’ असे म्हणून निर्धास्त राहता येणार नाही. भारतीयांसाठी निर्देशांक २३ झाला की वजन जादा आणि २५ झाला की लठ्ठपणा समजावा, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. त्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. आरोग्य शिबिरात वजनाबरोबर कंबर मोजण्याचा आग्रह पंचायतीने धरावा.

दुसरे कार्य अंगणवाडीचे. पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची बालके अधिक भरलेली आढळली. परसबागेतील पालेभाजी ही अशा रीतीने दोन पिढ्यांच्या आरोग्याची गुंतवणूक ठरते.

तिसरे कार्य शाळेचे. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या या तालुक्यात शाळेचे मैदान राखणे सोपे नाही. पण ते राखलेच पाहिजे. श्रमाची हाक आली की मेदपेशी साठा मोकळा करते आणि स्नायू तो खर्ची घालतात. ही हाक पूर्वी शेत व घाट देत असत. आता ती मैदानाने, पायवाटेने आणि रोजच्या शिस्तीने द्यावयाची आहे. तेवढी सोय गावाने केली, तर कोठार भरेल तसे रितेही होत राहील.