टोपीची नाडी

आपल्यापैकी कितीतरी बचत गट झबली, टोपडी, फ्रॉक शिवून विकतात. म्हणून आज मुलांच्या कपड्यांच्या सुरक्षिततेविषयी बोलू या.

मुलांच्या जॅकेटच्या टोपीला गळ्याशी नाडी असते. दिसायला साधीच. पण अमेरिकेत घसरगुंडीवरून उतरताना ही नाडी फटीत अडकून गळफास बसला आणि मुलं दगावली. कमरेची लोंबती नाडी शाळेच्या बसच्या दारात अडकून मुलं फरफटतही गेली.

तिथे वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ च्या कायद्याने नेमलेला सरकारी आयोग आहे. त्याने १९९६ मध्ये कपडे बनवणाऱ्यांना सांगितलं, की मुलांच्या जॅकेटच्या गळ्याला नाडी नको. त्यानंतर असे मृत्यू बरेच कमी झाले. तरी काहीजण नाड्या लावतच राहिले. शेवटी २०११ मध्ये नियम करून अशा नाडीचा कपडा धोकादायक ठरवला. असा माल सापडला की विक्री थांबते, जाहीर सूचना निघते आणि विकलेला माल परत मागवला जातो. गिऱ्हाइकाला सांगतात, नाडी काढून टाका किंवा कपडा परत करून पैसे घ्या.

आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यानुसार २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश ते देऊ शकतं. आपल्याला तक्रार करायची तर १९१५ हा मदत क्रमांक आहे. त्यासाठी पावती जपून ठेवा.

पण बायांनो, आपण नुसत्या घेणाऱ्या नाही, विकणाऱ्याही आहोत. गळ्याला नाडीऐवजी बटण किंवा चिकटपट्टी लावा. बटण ओढून बघा. सैल बटण बाळाच्या तोंडात जातं. मणी, टिकल्या तान्ह्याच्या कपड्याला नकोतच.

आणि गटाच्या वहीत लिहा: कोणता कपडा, कधी शिवला, किती नग, कोणत्या दुकानात दिला. उद्या चूक लक्षात आली, तर ही नोंद असेल तरच माल परत आणता येईल. नाहीतर तो कुणाच्या बाळाच्या अंगावर आहे, हे कसं कळणार?

पुढच्या बैठकीत तयार कपडे मांडून प्रत्येकीने एकेक तपासा.