सातपुड्यांतील रानपिंगळ्याचा संसार
(महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



दक्षिण ध्रुवाकडील सम्राट पेंग्विनाचा नर अंडें पायांवर घेऊन सुमारें दोन महिने उपाशीं राहून उबवितो, हें वाचून आम्ही थक्क होतों. परंतु तसाच नवलाचा संसार आपल्या खानदेशांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं चालतो, हें किती जणांस ठाऊक आहे?

रानपिंगळा या लहानशा घुबडाचें शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनीं १८७३ सालीं केलें. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीची नोंद झाली नाहीं. तो नामशेष झाला, असेंच पुष्कळांस वाटलें. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन आदि अभ्यासकांस तो शहाद्याजवळ दिसला. पुढें जळगांव जिल्ह्यांतील यावलच्या अरण्यांतही तो आढळला.

जानेवारी-फेब्रुवारींत याचें प्रियाराधन ऐन भरांत येतें. नर-मादी एकमेकांस साद घालितात. मादी झाडाच्या ढोलींत अंडीं घालते. नर शिकार करून तिला भरवितो आणि ती पिलांस भरविते. सुमारें महिन्याभरानें पिलें ढोलीबाहेर पडतात. क्वचित् नरच आपलें पिलूं खातो, असेंही पाहण्यांत आलें आहे; म्हणून त्यास मनुष्याचा आदर्श ठरविण्याचा मोह आम्ही आवरतों.

मात्र एक गोष्ट निश्चित. अशा ढोल्या बहुधा जुन्या वृक्षांनाच असतात. सरपणासाठीं वा शेतासाठीं असा वृक्ष पडला कीं एक घर मोडतें. आपलें घर उभारतांना दुसऱ्याचें मोडूं नये, एवढी जाण आपण बाळगूं या.